काटकसर आणि कुचंबणा

गेल्या पावसाळ्यात नववीच्या वर्गाला आम्ही निबंधासाठी विषय दिला होता : ‘पृथ्वीचा ताप आणि आमचे घर’. विषय देताना आमच्या मनात एक हेतू होता आणि तो लपवून ठेवण्याचे कारण नाही. श्रीमंत देशांनी कोळसा आणि खनिज तेल बेसुमार जाळून पृथ्वीचे वातावरण तापविले. आपल्यासारख्या देशांतील साध्या राहणीचा पृथ्वीला भार होत नाही. तेव्हा या साधेपणाचा मुलांना अभिमान वाटावा, असे आम्हांस वाटत होते. मुलांनीही आमची निराशा केली नाही. आजीने जुन्या लुगड्यांची शिवलेली गोधडी, आईची कापडी पिशवी, आजोबांची जुनी सायकल, राखेने घासलेली भांडी, शेजारच्या खेड्यातून बुट्टीत भरून येणारी भाजी, या सर्वांची सुरेख वर्णने वह्यांत उतरली होती. लाल शाईने ‘छान’, ‘उत्तम’ असे शेरे मारीत आम्ही एकेक वही बाजूला ठेवीत होतो.

अशातच एक वही हाती आली. खानापूर तालुक्यातील एका वाडीहून रोज एस्. टी.ने बेळगावास येणाऱ्या विद्यार्थिनीची ती वही. निबंध अवघा दीड पानाचा होता. आपल्या घरी मोटार नाही, शीतकपाट नाही, पाणी तापविण्याचे यंत्र नाही, रात्री दोनच दिवे लागतात आणि तेही वीज असली तर, असे तिने सरळ सांगितले होते. वर्गात शिकविलेल्या हिशेबाने आपले घर पहिले यायला हवे, असेही लिहिले होते. आणि शेवटी एकच ओळ होती : “आमच्या घराचा धूर जगाला लागत नाही, पण आईच्या डोळ्यांना लागतो, त्याचा हिशेब कोणत्या वहीत लिहायचा?”

सवयीने आमच्या हातून त्या निबंधाखालीही ‘उत्तम’ असाच शेरा पडला. वही मिटल्यावर मात्र त्या शेऱ्याची आम्हांस लाज वाटली. मुलीने प्रश्न विचारला होता आणि आम्ही तिला गुण दिले होते. प्रस्तुत लेख म्हणजे त्या प्रश्नाचे उत्तर देण्याचा उशिरा केलेला प्रयत्न होय.

खालच्या वर्गांतील वाचकांसाठी मूळ गोष्ट थोडक्यात सांगणे अवश्य आहे. कोळसा, पेट्रोल, डिझेल, रॉकेल ही इंधने जळाली म्हणजे त्यांतून कार्बन डायऑक्साइड नावाचा वायू निघतो. त्याला आपण सोयीसाठी नुसता कर्बवायू म्हणू. सूर्याची उष्णता तो पृथ्वीपर्यंत येऊ देतो, परंतु पृथ्वीने परत टाकलेली उष्णता अडवून धरतो. हा वायू वाढला तर पृथ्वी तापेल, हे गणित स्वीडनचे शास्त्रज्ञ स्वान्ते अऱ्हेनियस यांनी १८९६ सालीच मांडले होते. पुढे १९५८ साली चार्ल्स कीलिंग या अमेरिकन शास्त्रज्ञाने हवाई बेटावरील मौना लोआ या पर्वतावर या वायूचे नित्य मोजमाप सुरू केले. त्या वेळी हवेच्या दहा लाख भागांत कर्बवायूचे सुमारे ३१५ भाग होते. आज ते ४२० हून अधिक आहेत. एका माणसाच्या आयुष्याइतक्या काळात हवेमध्ये इतका बदल झाला. पावसाचे वेळापत्रक बिघडणे, उन्हाळा असह्य होणे, समुद्र चढणे, ही त्याचीच फळे आहेत.

आता हा वायू सोडला कोणी? नुसत्या इंधनांचा हिशेब धरला तर आज अमेरिकेत दर माणशी वर्षाला सुमारे १४ टन कर्बवायू हवेत जातो. साऱ्या जगाची सरासरी पावणेपाच टनांच्या आसपास पडते. भारतात दर माणशी सुमारे दोन टन, आणि आफ्रिकेतील इथिओपियासारख्या देशात तर २०० किलोंहूनही कमी. भारताची ही सरासरीदेखील काहीशी फसवीच आहे. कारण शहरातील वातानुकूलित इमारत आणि खानापूरच्या रानाकाठची कौलारू झोपडी या दोहोंची ती मिळून केलेली आहे. ज्याच्या घरी खाण्याची भ्रांत, त्याच्या नावावर मोटारवाल्याचा धूर मांडला जातो. हे आकडे एकदा नीट पाहिले म्हणजे एवढे तरी स्पष्ट होते की, पृथ्वीच्या या दुखण्याला गरिबांची चूल कारण झालेली नाही.

येथवर कोणाचा मतभेद होण्याचे कारण नाही. मतभेद पुढे सुरू होतो. गरीब देशांतील माणूस थोडे जाळतो, थोडे वापरतो, हे खरे. परंतु ते थोडेपण म्हणजे सद्गुण, की संकट? आमचे उत्तर असे की, त्यात दोन्ही आहेत, आणि ती दोन एकमेकांपासून वेगळी काढल्याशिवाय या विषयावर एक वाक्यही बोलण्याचा आपणांस अधिकार नाही. पहिलीला आपण काटकसर म्हणू आणि दुसरीला कुचंबणा.

काटकसर ही आपल्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या कमावलेली एक विद्या आहे, आणि तिची थोरवी आम्ही मुळीच कमी लेखीत नाही. गोधडीचेच पाहा. नेसून विरलेले लुगडे टाकून न देता त्याचे पदर एकावर एक घालून बारीक धावदोऱ्याने शिवायचे, म्हणजे एका कापडाला दुसरा जन्म मिळतो. गोधडी फाटली की तिचे पायपुसणे, पायपुसणे झिजले की चुलीपाशी भांडे उतरविण्याचे फडके. जुन्या कपड्यांवर भांडी देणारी बोहारीण, तांब्यापितळेच्या भांड्यांना कल्हई करून देणारा कल्हईवाला, छत्रीची काडी बसवून देणारा, चपलेला टाका घालणारा, रद्दी आणि मोडीत काढलेले लोखंड विकत घेणारा, ही सारी मंडळी काय करीत असत? नवी वस्तू घडविण्यासाठी जो कोळसा भट्टीत जळला असता, तो ती जळू देत नसत. कल्हई केलेले पातेले आणखी काही वर्षे चालले, तर तेवढी वर्षे नवे पातेले घडावे लागत नाही. इतका साधा हा व्यवहार आहे.

खानापूरच्या कुंभारांनी घडविलेला माठ विजेवाचून पाणी गार करतो. मातीच्या बारीक छिद्रांतून पाणी पाझरते, बाहेर येऊन त्याची वाफ होते आणि ती वाफ होताना आतील पाण्याची उष्णता घेऊन जाते. यात कोणतेही गूढ नाही. परंतु हे शास्त्र पुस्तकात येण्यापूर्वी शेकडो वर्षे ते आपल्या माजघरात होते. जाड भिंतींची आणि उंच कौलांची घरे याच शहाणपणाची. एका एस्. टी. बसमध्ये पन्नास माणसे जातात. तीच पन्नास माणसे पंचवीस स्कूटरींवर गेली तर पेट्रोल किती अधिक जळेल, हे आठवीचा विद्यार्थीही सांगू शकेल. आणि हे शहाणपण केवळ जुन्याचेच असते असेही नाही. शेजारच्या बांगलादेशात पातळ पॉलिथीन पिशव्यांनी गटारे तुंबून पुराचे पाणी शहरांतून निघेना, तेव्हा २००२ साली त्या देशाने अशा पिशव्यांवर बंदी घातली. साऱ्या देशभर अशी बंदी घालणारा तो जगातील पहिला देश. ज्यांना आपण गरीब म्हणतो, त्यांनी श्रीमंतांच्या आधी हा धडा घेतला.

ही झाली काटकसर. तिने कोणाच्या शरीरास इजा होत नाही, कोणाचा अभ्यास बुडत नाही, कोणाची मान खाली जात नाही. ती जपावी, वाढवावी, मुलांना शिकवावी, याविषयी आमच्या मनात तिळमात्र शंका नाही.

परंतु आता त्या वाडीतील स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी येऊन उभे राहू. खानापूरच्या पश्चिमेकडे, जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला, पाऊस म्हणजे काय ते ज्यांनी पाहिले आहे त्यांना सांगावयास नको. आषाढ-श्रावणात आठ-आठ दिवस ऊन पडत नाही. माळ्यावर रचलेले सरपण दमट होते, गोवऱ्या पेटत नाहीत. फुंकणीने फुंकून फुंकून छाती भरून येते. घराला धुराडे नसते. धूर कौलांच्या फटींतून जमेल तसा बाहेर पडतो आणि उरलेला माणसांच्या छातीत जातो. पाठीशी बांधलेले मूलही तोच धूर घेते. उन्हाळ्यात सरपणाची मोळी डोक्यावर घेऊन कोसभर चालावे लागते, आणि आईबरोबर ती मोळी आणावयास बहुधा मुलगीच जाते, मुलगा नव्हे.

हे चित्र एका वाडीचे नाही. आजही जगात दोनशे कोटींहून अधिक माणसांचा स्वयंपाक लाकूड, शेणी, काटक्या, कोळसा किंवा रॉकेल यांवर उघड्या धुरात होतो. त्या धुराने २०२० या एका वर्षात सुमारे ३२ लाख माणसे अकाली मेली, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. त्यांत पाच वर्षांखालील दोन लाखांहून अधिक बालके होती. न्यूमोनिया, श्वसनाचे जुनाट विकार, हृदयविकार, पक्षाघात, फुप्फुसाचा कर्करोग, ही त्या मृत्यूंची कारणे. डोळ्यांत मोतीबिंदू लवकर पडण्याशीही या धुराचा संबंध आहे. आणि हे सारे ज्या घरात घडते, ते घर कर्बवायूच्या कोष्टकात ‘सर्वांत निर्दोष’ म्हणून वर चढते! ज्या कोष्टकात आईच्या छातीचा रकानाच नाही, ते कोष्टक अपुरे आहे, असे आम्ही म्हटले तर त्यात चूक काय?

गंमत अशी की, ही कुचंबणा पृथ्वीच्याही उपयोगाची नाही. लाकूड तोडल्यावर त्या जागी पुन्हा झाड वाढले, तर जळताना निघालेला कर्बवायू ते शोषून घेते, हे खरे. परंतु तोड वाढीहून अधिक झाली की तो हिशेब तुटतो, आणि रानही उजाड होते. शिवाय ओले लाकूड पुरते जळत नाही. त्यातून काजळी निघते. काजळीचे काळे कण ऊन शोषून हवा तापवितात. रॉकेलच्या चिमणीची गोष्ट तर याहून विलक्षण. उघड्या वातीच्या दिव्यात जळणाऱ्या रॉकेलचा शेकडा सात ते नऊ इतका भाग काजळीच्या रूपाने बाहेर पडतो असे मोजमापाने आढळले आहे. ज्या चिमणीपुढे बसून आमच्या आधीच्या पिढीने अभ्यास केला आणि जिचे आम्ही आज कौतुकाने वर्णन करतो, ती प्रकाश थोडा आणि काजळी फार देत होती. कोनाड्याच्या वरची काळी भिंत त्याची साक्ष आहे.

येथे एक गंभीर आक्षेप घेतला जातो, आणि त्याची बूज राखली पाहिजे. आक्षेपक म्हणतात : “तुमचे म्हणणे दयाळूपणाचे आहे, परंतु जगातील सर्व गरिबांच्या घरी गॅस आणि वीज गेली, तर पृथ्वी टिकेल काय? चूल वाईट असली तरी पृथ्वी वाचविण्यासाठी थोडे सोसणे भाग आहे.”

यावर आम्ही भावनेने नव्हे, तर आकड्यांनी उत्तर देऊ. घरगुती गॅसच्या एका सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो. एक किलो गॅस जळाला की सुमारे तीन किलो कर्बवायू निघतो. म्हणजे एका सिलिंडरमागे ४२-४३ किलो. आता अमेरिकेतील सरासरी माणसाच्या नावावर वर्षाला १४ टन म्हणजे दिवसाला सुमारे ३८ किलो कर्बवायू पडतो. सारांश, त्या वाडीतील पाच माणसांचे कुटुंब ज्या सिलिंडरवर महिना-दीड महिना बिनधुराचा स्वयंपाक करील, त्याचा कर्बवायू म्हणजे एका अमेरिकन माणसाचा जेमतेम एक दिवस! वर्षाला आठ सिलिंडर लागले असे धरले, तरी साऱ्या कुटुंबाचा वर्षाचा स्वयंपाक त्या एका माणसाच्या नऊ दिवसांत बसतो. शिवाय तो करताना काजळी थांबते, रान वाचते आणि छाती मोकळी होते. हा हिशेब पाहिल्यावर, पृथ्वी वाचविण्याचे ओझे चुलीपुढे बसलेल्या बाईच्या डोक्यावर द्यावे, असे म्हणण्याचे धैर्य कोणास होईल?

आणि अमेरिका तरी कशाला? आपल्याच वर्गात पाहू. शाळेपासून दोन किलोमीटरवर राहणाऱ्या मुलाला वडील सकाळी स्कूटरवरून सोडतात, परत जातात, सायंकाळी न्यावयास येतात आणि पुन्हा घरी जातात. रोजचे आठ किलोमीटर झाले. स्कूटर लिटरला ४५ किलोमीटर धावते आणि एक लिटर पेट्रोलमागे सुमारे २.३ किलो कर्बवायू निघतो, असे धरून शाळेच्या २२० दिवसांचा गुणाकार करा. उत्तर ९० किलोंच्या आसपास येईल. म्हणजे दोन सिलिंडरांहून अधिक. जो मुलगा सायकलने किंवा पायी येऊ शकला असता, त्याच्या आरामासाठी वर्षभरात जेवढा वायू हवेत गेला, तेवढ्यात त्याच बाकावर बसणाऱ्या मुलीच्या आईचा दोन-तीन महिन्यांचा स्वयंपाक झाला असता. हे आम्ही कोणास दोष देण्यासाठी लिहीत नाही. ज्यांना हमरस्त्याची भीती आहे अशा पालकांची अडचण आम्हांस कळते. परंतु काटकसरीचा उपदेश कोणी कोणाला करावयाचा, याचे उत्तर या गुणाकारात आहे.

‘अंथरूण पाहून पाय पसरावे’ ही म्हण आपण सारेच मुलांना सांगतो. म्हण चांगली आहे. परंतु तिच्यात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे, ती ही की, ज्याला उपदेश करावयाचा त्याच्यापाशी अंथरूण आहे. ज्याच्याजवळ अंथरूणच नाही, त्याला पाय आखडून निजताना पाहून, ‘वा! किती संयमी माणूस!’ असे म्हणणे ही थट्टा झाली. आणि जो दुसऱ्याच्या अंथरुणावरही पाय पसरून निजला आहे त्याने ही म्हण सांगावी, हा तर कळस झाला.

मग उपाय कोणता? श्रीमंत देश ज्या वाटेने गेले, त्याच वाटेने आपण जावे असे आमचे म्हणणे नाही. सुदैवाने आज दुसऱ्या वाटा आहेत. पूर्वीचा ६० वॅटचा दिवा रोज पाच तास जळला तर वर्षाला सुमारे ११० युनिट वीज खात असे; तितकाच उजेड देणारा ९ वॅटचा एल्.ई.डी. दिवा १६-१७ युनिटांत भागवितो. दिवा मंद करावा लागला नाही, अभ्यास सोडावा लागला नाही, आणि आपल्याकडील बहुतेक वीज कोळशाची असल्यामुळे कर्बवायू मात्र कितीतरी वाचला. उजेड कमी न करता जाळणे कमी करणे, हीच खरी काटकसर. पुण्याच्या ‘आरती’ या ग्रामीण तंत्रज्ञानाच्या संस्थेने खरकटे आणि पिठूळ पदार्थ यांपासून घरच्या घरी जळाऊ वायू देणारे लहान संयंत्र तयार केले. शेणाच्या मानाने फारच थोड्या वजनाचा माल त्याला पुरतो. त्यासाठी २००६ साली त्या संस्थेला इंग्लंडचा ॲशडेन पुरस्कार मिळाला. गाय नसलेल्या घरालाही बिनधुराची चूल मिळू शकते, हे त्यातून दिसले.

बांगलादेशची गोष्ट तर मुद्दाम सांगण्यासारखी आहे. तेथे २००३ साली खेड्यापाड्यांत घरगुती सौर दिव्यांची मोठी योजना सुरू झाली. छपरावर लहानशी सौर पट्टी, खाली एक बॅटरी, दोन-चार दिवे, आणि पैसे हप्त्याहप्त्याने. रॉकेलवर जाणारा खर्च हप्त्यात वळला आणि सुमारे पंधरा वर्षांत ४० लाखांहून अधिक घरांत असे दिवे लागले. जवळजवळ दोन कोटी माणसांच्या घरातून चिमणी गेली. गरीब देशाने धुरावाचून उजेड आणला, हे केवढे यश! परंतु कथेचा उत्तरार्धही तितकाच बोधप्रद आहे. पुढे विजेच्या तारा खेड्यांत पोहोचल्या; २०२२ साली देशात सर्वत्र वीज पोहोचल्याचे तेथील सरकारने जाहीर केले. तारा आल्या तशा अनेक कुटुंबांनी त्या सौर पट्ट्या बाजूला ठेवल्या. कारण उघड होते. दोन दिव्यांनी अभ्यास होतो, पण पंखा, शिवणयंत्र, पाण्याचा पंप हेही माणसाला हवे असते. गरिबाला ‘गरिबापुरता’ उजेड नको असतो, त्याला इतरांइतकाच भरवशाचा उजेड हवा असतो. तो स्वच्छ रीतीने कसा तयार करावा, हे शास्त्रज्ञांचे आणि सरकारांचे काम आहे. त्यातून कोणास वगळावे, हा प्रश्नच असू नये.

आपल्या देशात १ मे २०१६ रोजी उत्तर प्रदेशातील बलिया येथे उज्ज्वला योजनेचा आरंभ झाला आणि पुढे दहा कोटींहून अधिक गरीब घरांत गॅसची जोडणी गेली. हे काम लहान नव्हे. परंतु जोडणी मिळणे निराळे आणि सिलिंडर पुन्हा भरून आणणे निराळे. या योजनेतील कुटुंबे वर्षाकाठी सरासरी चारच्या आसपास सिलिंडर घेतात, असे सरकारी आकडे सांगतात. संपूर्ण स्वयंपाकाला सात-आठ तरी हवेत. उरलेला स्वयंपाक अर्थातच चुलीवर होतो. आम्ही निबंध लिहिणाऱ्या विद्यार्थिनीस मागाहून विचारले, तेव्हा कळले की, तिच्याही घरी शेगडी आहे. सिलिंडर कोपऱ्यात उभा आहे. आईने त्यावर स्वच्छ फडके घातले आहे. पाहुणा आला की चहापुरता तो उघडतात. हाताशी पैसा नाही म्हणून घरातील बिनधुराची आग झाकून ठेवायची आणि धूर पीत राहायचे, याला काटकसर हे नाव देताना आमची जीभ अडखळते.

तेव्हा काटकसर कोणती आणि कुचंबणा कोणती, हे ओळखण्यासाठी आम्ही विद्यार्थ्यांपुढे तीन कसोट्या ठेवू इच्छितो. पहिली, त्या राहणीने कोणाच्या शरीरास, शिक्षणास किंवा मानास इजा पोहोचते काय? पोहोचत असेल तर ती काटकसर नव्हे. दुसरी, त्या माणसाला दुसरे काही निवडण्याची मुभा होती काय? मोटार घेण्याची ऐपत असून जो सायकल चालवितो, तो काटकसरी. ज्याला बसच्या तिकिटालाही पैसे नाहीत म्हणून जो चालतो, तो अडलेला. दोघांचे पाय रस्त्यावर सारखेच पडतात, पण दोघांच्या चालण्याचा अर्थ एक नव्हे. तिसरी कसोटी उपदेशकासाठी आहे : जे मी दुसऱ्याला सांगतो, ते मी स्वतः करतो काय? या तिसऱ्या कसोटीवर आम्ही शिक्षक मंडळी तरी कितपत उतरतो, याचा विचार करताना आमच्या घरचा पाणी तापविण्याचा बंब आणि अंगणातील स्कूटर आमच्या डोळ्यांपुढे उभी राहते.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर लेख एकांगी होईल. कुचंबणेतून सुटलेल्या घरांत काटकसरीचीच लाज वाटू लागली आहे. कापडी पिशवी नेणे हलकेपणाचे, सायकलवर येणे गरिबीचे लक्षण, उसवलेला टाका घालून शर्ट वापरणे कमीपणाचे, असे आपल्या मुलांना वाटू लागले आहे. लग्नकार्यात एकदा जेवून फेकून देण्याच्या थाळ्यांचे ढीग लागतात, आणि पत्रावळी करणाऱ्या बायका काम नाही म्हणून बसून राहतात. जे सोडावयाचे ते धूर, अंधार, मोळी आणि दम. आम्ही सोडीत आहोत ते गोधडी, माठ, सायकल आणि दुरुस्ती. हा व्यवहार उलटा झाला. ज्या घरी दोन्ही वेळचे जेवण, दिवा आणि शेगडी आहे, त्या घराने आता आपली गरज कोठे संपते आणि हौस कोठे सुरू होते याचा विचार करावा. ज्या घरी यांतले काही नाही, त्या घरास ते आधी मिळावे. पृथ्वीच्या रक्षणाची न्याय्य वाटणी यापेक्षा वेगळी असू शकत नाही.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यापैकी काही जण उद्या अभियंते व्हाल, काही ग्रामपंचायतीत बसाल, काही घर चालवाल. ‘कमी जाळा’ असे सांगणारे तुम्हांस पुष्कळ भेटतील, आणि ते सांगणे योग्यच आहे. मात्र ते ऐकताना एक प्रश्न विचारण्याची सवय ठेवा : ‘कोणी कमी जाळावे?’ हा प्रश्न आम्हांस एका नववीच्या मुलीने शिकविला, हे कबूल करण्यात आम्हांस कमीपणा वाटत नाही.

तिची वही आम्ही परत मागवून घेतली. ‘उत्तम’ हा शेरा खोडला नाही, कारण निबंध उत्तमच होता. त्याखाली मात्र आणखी एक ओळ लिहिली : “तुझ्या आईच्या डोळ्यांचा हिशेब आमच्या वहीत लिहावयास हवा होता, तो आजपासून लिहीत आहोत.”